शेवटच्या रांगेतला लॅपटॉप

संध्याकाळी फोनवर मेल येतो, 'तुमच्या कार्यशाळेचा प्रस्ताव स्वीकारला आहे.' तंत्रज्ञानाच्या एका मोठ्या परिषदेत तुम्हाला तीन तासांची कार्यशाळा घ्यायची आहे. विषय डिझाइन आणि डेव्हलपमेंट, म्हणजे वेबसाइटचं पान कसं आखायचं आणि ते प्रत्यक्ष कसं बनवायचं. आई देवापुढे साखर ठेवते. बाबा नातेवाइकांच्या ग्रुपवर बातमी टाकून मोकळे होतात. आणि रात्री दिवा मालवल्यावर तुमच्या पोटात गोळा येतो. चाळीस माणसं, चाळीस लॅपटॉप, तीन तास. जमेल ना?

जमेल. पण त्याआधी एका माणसाचा विचार करा.

समजा, त्या दिवशी शेवटच्या रांगेत एक बाई बसली आहे. मुलं लहान होती म्हणून तिने सहा-सात वर्षांपूर्वी नोकरी सोडली. आता पुन्हा सुरुवात करावी असं मनात आहे. धाकट्याला जाऊबाईंकडे ठेवून, नवऱ्याचा जुना लॅपटॉप घेऊन, फी भरून ती आली आहे. पहिली चाळीस मिनिटं सॉफ्टवेअर इन्स्टॉल करण्यातच जातात. तिच्या पडद्यावर लाल अक्षरांत काहीतरी येतं. आजूबाजूची मुलं भराभर टाइप करत असतात. हात वर करायचा तिला संकोच वाटतो. जेवणाच्या सुट्टीत ती लॅपटॉप बॅगेत घालते आणि घरी जाऊन सांगते, "आता आपल्याला नाही जमायचं हे."

कार्यशाळा फसली तर तुमची एक सकाळ वाया जाते. तिचा मात्र एक निर्णय बदलतो. म्हणून तयारी करायची ती पुढच्या रांगेतल्या हुशार मुलासाठी नाही, तर या शेवटच्या रांगेतल्या लॅपटॉपसाठी.

भाषण वेगळं, कार्यशाळा वेगळी

परिषदेत दोन प्रकारची सत्रं असतात. भाषणात तुम्ही बोलता आणि लोक ऐकतात. कार्यशाळेत लोक काम करतात आणि तुम्ही त्यांच्यामध्ये फिरता. आपल्याकडे पायथन या संगणकभाषेची 'पायकॉन इंडिया' ही परिषद २००९ साली बेंगळुरूत सुरू झाली. २०११ साली ती पुण्यात भरली आणि पुढे दिल्ली, हैदराबाद, चेन्नई अशा शहरांतही गेली. अशा परिषदांमध्ये कार्यशाळांसाठी बहुधा वेगळा वेळ, कधी कधी वेगळा दिवस ठेवतात. कारण हाताने करून शिकायला जागा लागते, टेबलं लागतात, विजेचे प्लग लागतात.

चांगल्या कार्यशाळेचा एक नमुना 'जँगो गर्ल्स'चा. ओला सितार्स्का आणि ओला सेंदेत्स्का या दोन पोलिश तरुणींनी २०१४ साली बर्लिनमध्ये, युरोपायथन परिषदेच्या वेळी, मुलींसाठी पहिली कार्यशाळा घेतली. कधीही प्रोग्रॅमिंग न केलेल्या मुलींनी एका दिवसात स्वतःचं वेब ॲप्लिकेशन बनवायचं, अशी ती कल्पना. पुढे ती अनेक देशांत पोचली. त्यांच्या पद्धतीतल्या दोन गोष्टी आपण सरळ उचलाव्यात अशा आहेत. साधारण तीन जणींमागे एक मार्गदर्शक असतो. आणि इन्स्टॉल करण्याचं किचकट काम आदल्या संध्याकाळीच एकत्र जमून उरकतात. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाचा लॅपटॉप अडलेला नसतो.

माणूस घरी काय घेऊन जाणार?

बहुतेक जण तयारीला बसले की स्लाइड बनवायला घेतात. तिथे सुरुवात करू नका. आधी एक कागद घ्या आणि एकच वाक्य लिहा, 'कार्यशाळा संपेल तेव्हा प्रत्येकाच्या लॅपटॉपवर अमुक एक गोष्ट चालू असेल.' हे वाक्य लिहिता आलं नाही, तर विषय अजून ठरलेला नाही असं समजा.

'आधुनिक वेब डिझाइनची ओळख' हा विषय फार मोठा आहे. त्याऐवजी असं ठरवा, की आपल्या शहरातल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात मुलांच्या स्पर्धांसाठी नावनोंदणीचा मराठी फॉर्म बनवायचा. बडोदा असो, इंदूर असो की हैदराबाद, मंडळात दरवर्षी ही यादी कुणीतरी वहीत किंवा व्हॉट्सॲपवर करतच असतं. नाव, वय, स्पर्धा आणि फोन नंबर, एवढ्या चार चौकटी. फॉर्म मोबाइलवर नीट दिसला पाहिजे आणि आजोबांनाही भरता आला पाहिजे. यात डिझाइनही आलं, डेव्हलपमेंटही आलं, आणि घरी जाऊन दाखवण्यासारखं काहीतरी हातात राहिलं.

आयोजकांना जी माहिती पाठवाल तीही अशीच स्पष्ट ठेवा. कार्यशाळा कुणासाठी आहे, आधी काय येत असायला हवं, कोणता लॅपटॉप चालेल, काय इन्स्टॉल करून यायचं आणि शेवटी काय बनेल, हे सगळं त्यात हवं. 'सगळ्यांसाठी' असं लिहिलंत, तर नवखे घाबरतील आणि जाणकार कंटाळतील.

तीन तास म्हणजे नेमकी किती मिनिटं?

तीन तास म्हणजे १८० मिनिटं. आता हिशेब मांडू. लोक येऊन बसणं आणि ओळख, १५ मिनिटं. सगळ्यांचे लॅपटॉप तयार आहेत ना हे बघणं, २० मिनिटं. मधली चहाची सुट्टी कागदावर १० मिनिटांची, प्रत्यक्षात १५. शेवटचा आढावा आणि प्रश्न, १५ मिनिटं. काहीतरी बिघडेलच, त्यासाठी राखीव १५ मिनिटं. एकूण ८० मिनिटं गेली. शिकवायला उरली १००.

या १०० मिनिटांत किती सराव बसतील? जे काम तुम्ही १० मिनिटांत करता, त्याला नवख्या माणसाला २५ ते ३० मिनिटं द्या. टाइप करताना तो प्रत्येक चिन्ह शोधतो. स्वल्पविराम राहिला तर तो का राहिला हे त्याला कळत नाही. म्हणजे तीन सराव बसतील, फार तर चार. तुमच्या यादीत दहा असतील तर आजच सात खोडा. खोडताना जिवावर येईल, पण घाईघाईत पाहिलेल्या दहा गोष्टी घरी पोचेपर्यंत विसरल्या जातात. हाताने केलेल्या तीन राहतात.

प्रत्येक सरावानंतरचं तयार काम वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि 'टप्पा १', 'टप्पा २', 'टप्पा ३' अशी नावं द्या. पहिल्या सरावात कुणी मागे पडलं तर 'टप्पा १' उघडून ते दुसऱ्या सरावाला सगळ्यांबरोबर सुरुवात करू शकतं. शेवटच्या रांगेतल्या बाईला याचा सगळ्यात मोठा आधार असतो. एकदा मागे पडली म्हणून तिची सगळी सकाळ फुकट जात नाही.

पहिला सराव कागदावर

पहिल्या सरावाला लॅपटॉप बंदच ठेवा. प्रत्येकाला एक कोरा कागद आणि पेन्सिल द्या. फोनच्या आकाराची चौकट काढून त्यात फॉर्म रेखाटायला सांगा. मग तो कागद शेजाऱ्याच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, "तुमच्या भाचीचं नाव चित्रकला स्पर्धेत नोंदवा." शेजारी बोटाने कुठे दाबतो, कुठे थांबतो, काय विचारतो ते बघायचं. मध्ये बोलायचं मात्र नाही. "अहो, ते खाली आहे," असं सांगायचा मोह आवरायचा.

दहा मिनिटांत लोकांच्या लक्षात येतं, की 'सबमिट' या शब्दापेक्षा 'नाव नोंदवा' लवकर कळतं. वय विचारताना आजचं की स्पर्धेच्या दिवशीचं, हे लिहिलेलं नाही. फोन नंबर मुलाचा की पालकांचा, तेही स्पष्ट नाही. डिझाइन म्हणजे फक्त रंग आणि सजावट नाही, हे वेगळं सांगावं लागत नाही. शिवाय कागदावर सगळे सारखेच असतात. कुणाचा लॅपटॉप जुना आणि कुणाचा नवा, हा फरक सकाळी सकाळी उघडा पडत नाही.

वापरायला सोप्या वस्तूंचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलेला मुद्दा इथे सांगण्यासारखा आहे. चाचणीला फार माणसं लागत नाहीत. पाच जणांनी वापरून पाहिलं तरी बहुतेक अडचणी समोर येतात. त्या दुरुस्त करायच्या आणि पुन्हा पाच जणांना द्यायचं. पाच माणसं तर प्रत्येक घराच्या आसपास मिळतात.

'ज्ञानेश्वरी'चा 'ज्ञानेश्वर' का झाला?

आता डेव्हलपमेंट. इथे मराठी फॉर्म निवडल्याचा खरा फायदा होतो. समजा, कुणीतरी नावाच्या चौकटीला १० अक्षरांची मर्यादा घातली. एक मुलगी 'ज्ञानेश्वरी' टाइप करते आणि चौकटीत 'ज्ञानेश्वर' एवढंच उरतं. मुलीच्या नावाचा मुलगा झाला! डोळ्यांना तर अक्षरं चारच दिसतात, ज्ञा, ने, श्व आणि री.

संगणक मात्र वेगळं मोजतो. युनिकोडमध्ये ज, पाय मोडल्याची खूण, ञ, काना, न, मात्रा, श, पुन्हा पाय मोडल्याची खूण, व, र आणि वेलांटी अशी ११ चिन्हं होतात. दहा झाली की मर्यादा संपते आणि शेवटची वेलांटी बाहेर राहते. 'स्त्री' हे एकच अक्षर दिसतं, पण त्याची चिन्हं ६. हे उदाहरण फळ्यावर लिहून लोकांना आधी मोजायला सांगा. जोडाक्षर संगणकाच्या आत कसं साठवलं जातं, हे व्याख्यान न देता समजतं.

याच फॉर्ममध्ये आणखी तीन अडचणी मुद्दाम पेरून ठेवा आणि लोकांना शोधू द्या.

पहिली, नाव तपासण्याचा नियम फक्त ए ते झेड एवढीच अक्षरं मान्य करतो. मग 'वैशाली' लिहिलं की 'नाव चुकीचं आहे' असं उत्तर येतं. स्वतःचं नाव चुकीचं ठरल्यावर माणसाला कसं वाटतं, तेही कळतं.

दुसरी, फोन नंबर कुणी ९८ असा मराठी आकड्यांत लिहिला तर नेहमीचा नियम तो आकडा मानतच नाही. तो आत घेऊन इंग्रजी आकड्यांत बदलायला एक छोटी ओळ पुरते.

तिसरी, इंग्रजीला पुरणारं ओळींमधलं अंतर देवनागरीला कमी पडतं. वरचा रफार आणि खालचा उकार एकमेकांना भिडतात किंवा कापले जातात. अंतर अक्षराच्या उंचीच्या दीडपट किंवा थोडं जास्त करून बघा. आणि पानाची भाषा 'एमआर', म्हणजे मराठी, अशी नोंदवायला विसरू नका. मराठी आणि हिंदी छपाईत 'ल' आणि 'श' यांची वळणं वेगळी असतात. ज्या फाँटमध्ये दोन्ही वळणं दिलेली असतात, तो ही नोंद बघून मराठी वळण निवडू शकतो.

रंगांचंही एक माप आहे. सुगम वेबसाइटसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार साधा मजकूर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्यातला उजळपणाचा फरक किमान ४.५ ला १ हवा. फिकट पिवळ्यावर पांढरी अक्षरं सुंदर दिसत असतील, पण आजोबांना ती वाचता येणार नाहीत.

वाय-फायवर विसंबू नका

आयोजक सांगतील, "इंटरनेट उत्तम आहे." तरीही हिशेब करा. प्रत्येकाला ३०० एमबीचं सॉफ्टवेअर उतरवायचं असेल, तर ४० जणांचे झाले १२,००० एमबी, म्हणजे सुमारे १२ जीबी. तुमच्या खोलीला सेकंदाला ५० मेगाबिटची जोडणी पूर्णपणे मिळाली, तरी याला ३२ मिनिटं लागतील. आणि परिषदेत ती जोडणी शेजारच्या खोल्यांबरोबर वाटून घ्यावी लागते. म्हणजे तास गेलाच.

यावर उपाय साधे आहेत. आठवडाभर आधी सगळ्यांना मेल करून इन्स्टॉल करायची यादी पाठवा. प्रत्येक पायरीचं चित्र द्या आणि शेवटी 'हे असं दिसलं की तुमची तयारी झाली' असं एक चित्र द्या. तरीही काही जण न करता येतील, त्यांना रागावू नका. घरात लग्नकार्य असू शकतं, कुणाचा लॅपटॉप ऑफिसचा असतो आणि त्यावर काही टाकायची परवानगी नसते. त्यांच्यासाठी सहा-सात पेनड्राइव्ह बरोबर ठेवा. त्यात सॉफ्टवेअर, फाँट, चित्रं आणि सगळे टप्पे असू द्या. विंडोज, मॅक आणि लिनक्स, तिन्हींसाठी. आमच्या या फॉर्मसाठी तर साधा ब्राउझर आणि नोटपॅडसारखा मजकूर लिहायचा प्रोग्रॅमही पुरतो. जितकं कमी इन्स्टॉल करायला लावाल, तितकं जास्त शिकवता येईल.

विजेचं आयोजकांना आधीच विचारा. चाळीस लॅपटॉपना भिंतीवरचे चार प्लग कसे पुरणार? एक्स्टेंशन बोर्ड कोण आणणार आणि वायरी कुणाच्या पायात येणार नाहीत ना, हेही विचारा. प्रोजेक्टर सुरू करून खोलीच्या शेवटच्या खुर्चीत स्वतः जाऊन बसा. तिथून पडद्यावरची अक्षरं वाचता येत नसतील तर मोठी करा. खोलीत उजेड असेल तर काळ्या पडद्यापेक्षा पांढऱ्यावरची काळी अक्षरं स्पष्ट दिसतात.

हात वर न करता मदत मागायची सोय

शास्त्रज्ञांना प्रोग्रॅमिंग शिकवण्यासाठी १९९८ साली सुरू झालेल्या 'सॉफ्टवेअर कार्पेंट्री' या उपक्रमाच्या कार्यशाळांत एक छान पद्धत वापरतात. प्रत्येकाला दोन रंगांच्या चिकट चिठ्ठ्या देतात. काम झालं की एक रंग लॅपटॉपच्या पाठीवर लावायचा, अडलं की दुसरा. शिकवणाऱ्याला एका नजरेत कळतं की किती जण पुढे आले आणि कोण अडलं. मदतनीस लाल चिठ्ठी बघून शांतपणे त्या खुर्चीपाशी जातो. हात वर करून सगळ्यांसमोर "मला कळलं नाही" असं म्हणावं लागत नाही. शेवटच्या रांगेतल्या त्या बाईसाठी दहा रुपयांची चिठ्ठी हजार रुपयांचं काम करते.

मदतनीस कुठून आणायचे? ऑफिसातले सहकारी, कॉलेजातले ज्युनिअर, मित्रमंडळी. दहा जणांमागे एक असला तरी चालेल, तीन-चार जणांमागे असला तर उत्तम. त्यांना एकच नियम पक्का सांगा, की दुसऱ्याच्या कीबोर्डला हात लावायचा नाही. मदतनीसाने स्वतः टाइप करून दिलं तर काम होतं, पण शिकायचं राहून जातं. "इथे काय लिहिलंय ते मोठ्याने वाचा बरं," एवढं म्हटलं तरी निम्म्या चुका सापडतात.

भाषेचंही ठरवून घ्या. परिषद बेंगळुरूत असेल तर मराठी, कन्नड, हिंदी, तमीळ बोलणारे एकाच टेबलावर बसतील. सोप्या इंग्रजीत बोला आणि जमेल तिथे त्यांच्या भाषेतला मदतनीस द्या. लाल अक्षरांतली चूक आली की ती सगळ्यांसमोर वाचा आणि अर्थ सांगा. ती संगणकाची शिवी नाही, पत्ता आहे. कोणत्या ओळीत बघायचं, ते त्यात लिहिलेलं असतं.

घरातली तालीम

आता सगळ्यात महत्त्वाचं. परिषदेच्या दोन आठवडे आधी, एखाद्या रविवारी, घरच्यांना टेबलाशी बसवा. बहीण, वहिनी, शेजारचे काका, दहावीतला भाचा. चहा-पोहे करा आणि पूर्ण कार्यशाळा घ्या. घड्याळ लावून घ्या. पहिल्या सरावाला ठरवलेली २५ मिनिटं बहुधा ४० होतील. काका विचारतील, "फोल्डर म्हणजे नेमकं कुठे?" त्या क्षणी चिडू नका. हाच प्रश्न परिषदेतही कुणाच्या तरी मनात असतो, पण तिथे तो विचारला जात नाही. काकांनी तो फुकटात विचारला आहे.

ज्याला एखादी गोष्ट येते, त्याला ती न येण्याचे दिवस आठवत नाहीत. ते आठवून द्यायला घरची माणसं लागतात. त्यांनी जिथे अडखळलं, तिथे वहीत खूण करा. दुसऱ्या दिवशी त्या खुणांवरून सूचना पुन्हा लिहा.

त्या दिवशी

तासभर आधी पोचा. दाराशी उभे राहून येणाऱ्यांशी दोन शब्द बोला. नाव, गाव, काय करता, एवढंच. सगळ्यांचे लॅपटॉप तपासताना सुरुवात शेवटच्या रांगेपासून करा. शिकवताना तयार कोड चिकटवू नका, सगळ्यांसमोर टाइप करा. तुमची चूक झाली तर लपवू नका. ती कशी शोधता हे बघणं हाच मोठा धडा असतो. आणि वेळ कमी पडला तर शेवटचा सराव सोडून द्या, आढावा सोडू नका.

शेवटी प्रत्येकाला दोन ओळी लिहायला सांगा. आज काय कळलं आणि कुठे अडलं. नावं नकोत. त्या चिठ्ठ्या घरी नेऊन वाचा. पुढची कार्यशाळा त्यातूनच तयार होते.

सामान आवरताना शेवटच्या रांगेतली ती बाई कदाचित तुमच्यापाशी येईल. फोन पुढे करेल. पडद्यावर साधासा फॉर्म असेल, चार चौकटी आणि एक बटण. तिने त्यात आपल्या धाकट्याचं नाव भरलेलं असेल, पूर्ण, एकही वेलांटी न गळता. ती विचारेल, "याच्यापुढे काय शिकू?"

या प्रश्नाचं उत्तर मात्र आजच तयार ठेवा.